रंध्याखालचा काळ

घरासाठी जुने सामान घ्यावे की नवे, हा प्रश्न एरवी पैशाचा, जागेचा नाहीतर आवडीनिवडीचा समजला जातो. परंतु तो थोडा खरवडला की खाली तत्त्वज्ञानातला एक जुनाच प्रश्न लागतो, आणि तो असा की होऊन गेलेला काळ वस्तूत उरतो, की वस्तूकडे पाहणाऱ्या माणसात. बाजाराने या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरूनच आपले तीन वर्ग पाडले आहेत. शंभर वर्षांहून जुने ते ‘अँटिक’. त्याहून अलीकडचे, पण आपल्या दशकाची छाप अंगावर स्पष्ट वागवणारे ते ‘व्हिंटेज’, जो शब्द मुळात एखाद्या वर्षीच्या द्राक्षांच्या हंगामासाठी आणि त्या हंगामाच्या वाइनसाठी होता. आणि उरलेले ते नवे. शंभराच्या आकड्याला भारतात कायद्याचाही आधार आहे, कारण १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमाने कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरण्यासाठी किमान शंभर वर्षांचे वय मागितले असून हस्तलिखितांना तेवढी ७५ वर्षांची सवलत दिली आहे. या मोजपट्टीचा तोकडेपणा चंडीगडने दाखवून दिला. तेथील कचेऱ्यांसाठी १९५० च्या दशकात प्येर जानरे यांच्या देखरेखीखाली बनलेल्या साग-वेताच्या खुर्च्या पुढे मोडीत निघाल्या, आणि ज्यांना सरकारी दफ्तरी रद्दीचे मोल होते त्या परदेशातल्या लिलावांत लाखांच्या घरात विकल्या गेल्या. त्यांचे वय तेव्हा शंभराच्या जवळपासही नव्हते. मोल वाढले ते वयाने नव्हे, तर पाहणारा बदलला म्हणून.

मराठीत या सगळ्या सामानाला मिळून एक घरचा शब्द नाही, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. पाट, चौरंग, देव्हारा, घडवंची, बाज, फडताळ, झोपाळा अशी एकेका वस्तूची नावे आहेत. त्यांना एकत्र बांधणारा ‘फर्निचर’ हा शब्द, खुर्ची-टेबलाप्रमाणेच, एकोणिसाव्या शतकात कचेरी आणि शाळा यांच्या वाटेने घरात शिरला. जमिनीवर बसणाऱ्या समाजात वडिलोपार्जित पाट असू शकतो. वडिलोपार्जित खुर्ची बहुतेक घरांत फारतर चार-पाच पिढ्यांची निघते.

वापरलेल्या लाकडाचे काय करावे, याविषयी धर्मशास्त्राचे मत मात्र खुर्चीहून कितीतरी जुने आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा, म्हणजे विटाळलेल्या वस्तू पुन्हा वापरण्याजोग्या कशा कराव्यात याचा, विचार येतो. धातूला राख, पाणी आणि माती, धान्याचा किंवा वस्त्रांचा ढीग असेल तर नुसते प्रोक्षण, आणि लाकडी वस्तूला तक्षण, म्हणजे तासणे, असा तो उपाय आहे. शास्त्रकारांच्या डोळ्यांपुढे तेव्हा मुख्यतः लाकडी भांडी असणार, पण त्यामागची कल्पना पलंगालाही तितकीच लागू पडते: दुसऱ्याचा स्पर्श हा लाकडाच्या पृष्ठभागावर बसतो, पृष्ठभागाबरोबर निघून जातो, आणि त्याच्याखालचे लाकूड कोणाचेच नसते. वापरलेला पलंग विकत घेणारे कुटुंब आजही तो घरात आणण्याआधी सुताराकडे धाडते, त्याला रंधा मारून नवे पॉलिश करून घेते आणि मगच त्यावर गादी टाकते. आपण मनूचा नियम पाळत आहोत असे त्यांपैकी कोणाच्याही मनात नसते. शास्त्र विस्मरणात गेले तरी हाताची सवय टिकते, ती अशी.

याच्या नेमक्या उलट बाजूला ऑस्ट्रियन कला-इतिहासकार अलोइस रीगल उभा आहे. स्मारकांच्या आधुनिक पूजेविषयी १९०३ मध्ये त्याने जो निबंध लिहिला, त्यात जुन्या वस्तूची मूल्ये त्याने वेगवेगळी काढून दाखवली. एखादी वस्तू विशिष्ट काळाची साक्ष देते म्हणून तिला येणारे ते इतिहासमूल्य, आणि ती नुसती जुनी दिसते, झिजलेली आहे, काळ तिच्यावरून गेला आहे, एवढ्यानेच तिला येणारे ते वयोमूल्य. इतिहासमूल्य कळायला अभ्यास लागतो. वयोमूल्य अडाण्यालाही जाणवते, आणि म्हणूनच ते आधुनिक जगात भक्तीची जागा घेऊ पाहते, असे त्याचे निरीक्षण होते. निबंधाच्या नावात त्याने पूजेचा शब्द घातला तो उगाच नव्हे. या पूजेत सर्वांत मोठे पाप म्हणजे दुरुस्ती, कारण दुरुस्ती काळाची खूण पुसते. आणि या पूजेची अडचणही त्यानेच ओळखली होती, की झीज हेच ज्याचे दैवत, त्याला आपले दैवत झिजून नाहीसे होताना पाहावे लागते. नव्या वस्तूचे तुकतुकीत रूप बहुसंख्य लोकांना अधिक भावते आणि भावत राहील, हेही तो मोकळेपणाने मान्य करतो.

या दोन मतांची टक्कर प्रत्यक्षात कशी होते, ते लांब हातांच्या जुन्या आरामखुर्चीवर पाहता येते. तिची बैठक वेताची असते, पाठ मागे रेललेली असते आणि हात, त्यांवर पाय पसरता येतील इतके, पुढे निघालेले असतात. अशा खुर्चीच्या हातांच्या कडा बोटांनी गोल झालेल्या असतात. जेथे तळवा टेकत आला तेथे लाकूड जवळजवळ काळे पडलेले असते, आणि तो काळेपणा रंगाचा नसून तेल, घाम, धूळ आणि लाखेचे जुने पॉलिश यांचा वर्षानुवर्षे बसलेला थर असतो. खुर्ची उलटी केली तर बैठकीच्या चौकटीखाली, जेथे कोणाचाही हात पोचला नाही तेथे, करवतीचे आडवे ओरखडे अजून ताजे दिसतात. त्या काळ्या हातावर रंध्याचे दोन फेरे पडले की साल वळत वळत खाली पडते, तिच्या वरच्या अंगाला काळसर आणि खालच्या अंगाला मधासारखा रंग असतो, आणि हातावर सागाची शिर उघडी पडून लाकडाचा तेलकट वास सुटतो, जणू झाड कालच कापले असावे. मनूच्या हिशेबाने खुर्ची या क्षणी शुद्ध झाली. रीगलच्या हिशेबाने ती याच क्षणी मेली. विशेष हे की एकाला जो विटाळ वाटतो तोच दुसऱ्याला ठेवा वाटत असला, तरी तो कोठे आहे याविषयी दोघांत मतभेद नाही: तो त्या कागदाएवढ्या जाडीच्या सालीत आहे. शुद्धीवादी आणि जुन्याचा रसिक हे एकाच श्रद्धेचे दोन पंथ आहेत, असे म्हटले तर ते दोघांनाही आवडणार नाही, पण खोटे ठरणार नाही. जुन्याचा भास हवा म्हणून कोऱ्या टेबलाला साखळीने ठोकणारा, चहाचे पाणी पाजणारा, दाभणाने किडीची भोके पाडणारा कारागीरसुद्धा याच श्रद्धेवर पोट भरतो. काळ पृष्ठभागावरच असतो असे गिऱ्हाईक मानते, म्हणूनच तो पृष्ठभागावर काढून देता येतो.

आता काळ लाकडात असेल, तर आधी ते लाकूड तेच राहिले आहे का, हे पाहावे लागते. ग्रीकांनी हा प्रश्न थीसिअसच्या जहाजावरून विचारला, ज्याची एकेक फळी कुजेल तशी बदलली गेली आणि शेवटी मूळची एकही उरली नाही. भारतीय दर्शनांनी तो रथावरून, वस्त्रावरून आणि घटावरून विचारला, आणि त्यांची उत्तरे जुने सामान विकत घेणाऱ्याला जहाजापेक्षा अधिक उपयोगी आहेत. न्याय-वैशेषिक मताप्रमाणे अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली अखंड वस्तू, ही आपल्या भागांहून वेगळी अशी खरी वस्तू असते. पण याच मताची कडक बाजू अशी की वस्त्रातला एक धागा काढला तर पहिले वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे दुसरेच वस्त्र, ज्याला ते खंडपट म्हणतात, निर्माण होते, आणि ‘हे तेच’ ही ओळख केवळ सारखेपणातून येते. या न्यायाने चौथा पाय बदललेली खुर्ची ही निराळी खुर्ची आहे. बौद्धांचा नागसेन मिलिंद राजाला रथ दाखवून विचारतो त्याचा आशय असा की चाक, आस, जू यांपैकी काहीही रथ नाही आणि या सर्वांपलीकडेही रथ नाही. ‘रथ’ हे बोलण्याच्या सोयीचे नाव आहे. जैन आचार्य समंतभद्र सोन्याचा घट मोडून मुकुट घडवण्याचे उदाहरण घेतो: घट हवा होता तो दुःखी होतो, मुकुट हवा होता तो सुखी होतो, आणि ज्याची नजर सोन्यावर होती तो निर्विकार राहतो, कारण उत्पत्ती, नाश आणि टिकून राहणे ही तिन्ही एकाच वस्तूत एकाच वेळी असतात. जुने वाडे पाडले जातात तेव्हा निघणारे सागाचे खांब आणि दरवाजे विकत घेऊन त्यांची जेवणाची टेबले करणाऱ्या घरात हे तिघेही जण सापडतात. वाडा मनात धरणारा वारस, टेबल मिरवणारी नवी मालकीण, आणि लाकडाचा गाभा किती पक्का आहे एवढेच बोटाच्या पेराने ठोकून पाहणारा सुतार. यांतला सुतार हाच खरा अनेकांतवादी म्हणायचा.

लाकूड आणि त्यातला काळ यांची फारकत धर्माने किती निर्धाराने करून दाखवली आहे, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण पुरीचे आहे. जगन्नाथाच्या मूर्ती कडुलिंबाच्या लाकडाच्या असतात आणि अधिक आषाढ येतो अशा ठराविक वर्षी, जसे १९७७, १९९६ आणि २०१५ साली, नवकलेवर होते, म्हणजे देवाला नवा देह दिला जातो. जुन्या मूर्तीतला ‘ब्रह्म’ नावाने ओळखला जाणारा पदार्थ रात्री, डोळ्यांना पट्टी बांधलेल्या सेवकाच्या हातून, नव्या मूर्तीत ठेवला जातो आणि जुने लाकूड मंदिराच्या आवारातच पुरले जाते. ज्या लाकडाला लाखो लोकांनी हात जोडले, ते जपून ठेवण्याचा, काचेआड मांडण्याचा विचारही तेथे येत नाही. रीगलला ही उधळपट्टी वाटली असती. पण जिथे सातत्य दुसऱ्याच कशात आहे अशी खात्री असते, तिथे लाकूड जीर्ण होऊ द्यायला कोणी घाबरत नाही.

मग आठवण लाकडात असते, या बोलण्याचे काय करायचे? ‘या झोपाळ्यात आजोबांची आठवण आहे’ हे वाक्य मराठीत इतके सहज येते की त्यात काही सिद्धान्त आहे हेच जाणवत नाही. वैशेषिकांनी या जागी एक बारीक भेद केला आहे. संस्कार हा गुण त्यांच्या मते तीन प्रकारचा: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेली फांदी सोडली की मूळ जागी येते, ते स्थितिस्थापक संस्कारामुळे, आणि तो जड द्रव्यात असतो. पूर्वीचा अनुभव पुन्हा आठवतो, ते भावना नावाच्या संस्कारामुळे, आणि तो फक्त आत्म्यात असतो. म्हणजे लाकडाला लवचीकपणा असू शकतो, स्मरण असू शकत नाही. झोपाळा करतो ते एवढेच, की ज्याच्या ठिकाणी आजोबांचा संस्कार आधीच आहे त्याच्यातला तो जागा करतो. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्मरण जागे करणाऱ्या निमित्तांची जी लांबलचक यादी येते, त्यात अभ्यास, चिन्ह, सारखेपणा यांच्या जोडीला ‘परिग्रह’ हेही एक कारण दिलेले आहे. भाष्यकार वात्स्यायन त्याचा अर्थ लावतो की मालमत्तेवरून मालक आठवतो आणि मालकावरून मालमत्ता. ज्या शब्दाचा साधू-संन्याशांनी इतका धिक्कार केला, त्याला तर्कशास्त्राने येथे बिनबोभाट एक कामाची जागा दिलेली आहे.

हा भेद मानला की बाजाराचे तीन वर्ग घराच्या उंबऱ्याशीच मोडून पडतात. मुंबईच्या चोर बाजारातून आणलेली, दीडशे वर्षांची, कोरीव पाठीची शिसवी खुर्ची विकत घेणाऱ्याला कोणाचीही आठवण करून देत नाही, कारण ती ज्यांना आठवण करून देईल ते दुसरीकडे आहेत किंवा नाहीत. तिच्याजवळ आहे ते वयोमूल्य, म्हणजे बिननावाचा भूतकाळ. उलट घरातले चाळीस वर्षांपूर्वीचे, पॉलिश उडालेले, बाजारात भंगाराच्या भावाने जाईल असे लिहिण्याचे टेबल हे त्या घरापुरते खरे जुने आहे. आणि कोरे टेबल, ज्याचा खण अजून नीट सरकत नाही, ते आठवणींनी रिकामे असले तरी नापीक नसते, कारण भावना-संस्कार पडायचे ते माणसात, आणि ते पडायला टेबलाला नवे असण्याची काहीच आडकाठी नाही. निवडीचा निकष यातून निघतो तो असा, की बिननावाच्या भूतकाळासाठी पैसे मोजायला हरकत नसावी, कारण कारागिरी आणि गाभ्याचे चांगले लाकूड ही मोलाची गोष्ट आहे. परंतु तो आपला भूतकाळ आहे असे घरी येणाऱ्यांना भासवणे ही निव्वळ लबाडी आहे, मग खुर्ची कितीही अस्सल असो.

परिग्रहाची दुसरी बाजू, अर्थातच, योगशास्त्राची. व्यासभाष्यात अपरिग्रहाची व्याख्या करताना विषयांच्या ठायी पाच दोष मोजले आहेत: मिळवण्याचा, राखण्याचा, क्षयाचा, आसक्तीचा आणि हिंसेचा. जुने सामान बाळगणाऱ्या कोणाही माणसाला यातले पहिले चार समजावून सांगावे लागत नाहीत; वाळवी, पावसाळ्यात फुगणारे खण, वेत विणणाऱ्याची मनधरणी आणि जिन्यावरून न वळणारे कपाट हे ते दोष रोज शिकवतात. पाचवा मात्र खोल आहे. जुने सामान घेतले तर नवे झाड पडत नाही, हा युक्तिवाद बराचसा खरा आहे. पण एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या सागा-शिसवीमागे मलबारच्या आणि ब्रह्मदेशाच्या जंगलांची जी तोड झाली, ती इतकी की १८४० च्या दशकात निलंबूर येथे सागाची मुद्दाम लागवड सुरू करावी लागली. नव्या सामानातली हिंसा चालू काळातली आहे, जुन्यातली झालेली आहे, एवढाच फरक. आणि काही बाबतींत तर काळही हिंसा धुऊन काढत नाही: गोव्यातल्या पोर्तुगीज अमदानीतल्या कपाटांवर हस्तिदंताचे जे नाजूक जडावकाम दिसते, ते कितीही जुने असले तरी हस्तिदंताच्या व्यापाराला भारतीय कायद्यात मुभा नाही.

त्याग करणाऱ्यांचे सामानही परिग्रहातून सुटत नाही, हा या विषयातला सर्वांत खट्याळ भाग आहे. शेकर नावाचा ख्रिस्ती पंथ १७७४ साली इंग्लंडहून अमेरिकेत गेला; त्यांच्यात खासगी मालमत्ता नव्हती, ब्रह्मचर्य होते, आणि कोणतीही वस्तू बनवणे ही प्रार्थनाच मानली जात असल्याने त्यांनी नक्षी टाकून दिलेल्या, भिंतीवरच्या खुंटीला टांगून ठेवता येतील इतक्या हलक्या खुर्च्या घडवल्या. पंथ आता जवळजवळ संपला आहे आणि त्या खुर्च्या श्रीमंत संग्राहकांच्या दिवाणखान्यांत आहेत. सेवाग्रामच्या बापूकुटीतली चटई आणि बैठे मेज यांना लिलाव शिवलेला नाही, पण अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या माणसाचे सामान राखण्याची जबाबदारी इतरांवर आली आहेच. योगसूत्र सांगते की अपरिग्रह स्थिर झाला की साधकाला आपल्या पूर्वजन्मांचे ज्ञान होते. म्हणजे न्यायाच्या मते धरून ठेवल्याने मागचे आठवते, आणि योगाच्या मते सोडून दिल्याने. ही दोन शास्त्रे एरवी एकमेकांच्या फारशी आड येत नाहीत, पण घर बदलताना काय न्यावे आणि काय टाकावे, या प्रश्नावर ती समोरासमोर उभी राहतात.

लोकाचाराने दोन्हींना थोडे थोडे मानले आहे. उत्तरक्रियेत शय्यादान असते. गेलेल्या माणसाच्या नावे गादी, उशी, पांघरुणासह पलंग दान दिला जातो, आणि ऐपतीप्रमाणे तो कोरा घेऊन दिला जातो किंवा त्याचे द्रव्य दिले जाते. गेलेला माणूस ज्यावर झोपत होता तो पलंग पुष्कळ घरांत काही दिवस रिकामा राहतो, मग एखाद्या पाहुण्यासाठी उघडला जातो, आणि पुढे कोणीतरी त्यावर झोपू लागते. खुर्ची मात्र कोणी दान देत नाही. ती खिडकीशी तशीच राहते आणि तिच्यावर वर्तमानपत्रांची चळत चढत जाते.

पोलादी कपाट हे या सगळ्यात उपरे. ते १९२३ पासून गोदरेजच्या कारखान्यात निघू लागले आणि पुढे मराठी मध्यमवर्गात लग्नाच्या सामानात त्याने जागा मिळवली. त्याला रंधा लागत नाही, त्यावर काळाचा थर चढत नाही, आणि शंभरी भरली तरी त्याला अँटिक म्हणताना जीभ अडखळते. पण त्याच्या दारावरच्या उभ्या आरशाच्या कडेला, एका विशिष्ट उंचीवर, टिकल्यांची ओळ असते: रात्री कपाळावरून काढून चिकटवलेल्या, काही लाल, काही मेंदी रंगाच्या, मधल्या काही डिंक वाळून पडलेल्या आणि त्यांच्या जागी फक्त गोल डाग राहिलेले. ती उंची एकाच बाईची असते. जुन्या बाजारात असे कपाट आले की दुकानदार पहिल्यांदा ब्लेडने त्या टिकल्या खरवडतो, ओल्या फडक्याने आरसा पुसतो, आणि मग भाव सांगतो.